गुळव्याच्या दंडावरचं बटण

माझ्या मामाला शुगर आहे आणि माझा मामा गुळव्या आहे. हे कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतोय. हसा. मीपण हसायचो, गेल्या हंगामात मामा काहिलीपाशी भेलकांडला तोपर्यंत.

नीट सांगतो. मी दत्तप्रसाद, मूळ नेसरीचा. कोल्हापुरात कॉलेजला आहे आणि राहतो जोतीराममामाकडं, वडणग्याला. मामा गुऱ्हाळावर गूळ करतो. म्हणजे उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, काहील एवढी मोठी की माणूस आडवा झोपला तर आरामात मावेल, आणि त्या रसाचा गूळ नेमका कधी झाला हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. काटा नाही, मीटर नाही, काय नाही. शेजारी गार पाण्याचं घमेलं असतंय. मामा उकळता पाक फावड्यावर घेऊन त्या पाण्यात सोडतो, लगेच आत हात घालून बोटात त्याची गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर मारतो. टण वाजली की म्हणतो, "उतरा." मग चारजण काहील उतरवून गूळ गार करायला वाफ्यात ओततात. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, जरा लवकर झालं तर बसतच नाही. सगळं मामाच्या बोटावर.

आणि ह्या माणसानं गूळ चाखणं सोडून कैक वर्षं झाली. शुगर निघाली तेव्हा मामीनं शप्पथ घातली होती. तेव्हापासून नुसतं बघून, वळून, ऐकून. चव नाही.

तर गेल्या हंगामात आदण शिजत आलेलं, म्हणजे काहिलीतला रस गुळाला आलेला, आणि मामा फावडं टेकून उभा होता तो एकदम वाकडा झाला. काहिलीच्या अंगालाच. चुलवाणात जळण घालणारा पिराजी म्हणून आहे, त्यानं मामाचा शर्ट धरून मागं ओढला. शर्ट फाटला, मामा वाचला. सगळ्यांनी काय केलं, तर गुळाच्या वाफंनं शुगर चढली म्हणून मामाला नुसतं पाणी पाजत बसले. दवाखान्यात गेल्यावर कळलं की चढली नव्हती, उतरली होती. पार खाली.

मामी म्हणजे शालूमामी. ती डॉक्टरलाच म्हणाली, "दीसभर गुळात उभा ऱ्हाणाऱ्या माणसाची साखर कमी कशी व्हईल वो? काय तर चुकलंय तुमचं."

डॉक्टर म्हणाले गूळ वाफेतनं रक्तात जात नाही. हे इन्शुलिन घेतात आणि वेळेवर जेवत नाहीत, म्हणून होतंय. मामीला ते पटलं नाही. खरं सांगू, मलापण तेव्हा नाही पटलं.

यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधी गुऱ्हाळाचे मालक विजयसिंहदादा घरी आले. चहा घेतला आणि कप खाली ठेवायच्या आधीच मामाला बोलले, मामाला सगळे तात्याच म्हणतात.

"तात्या, तुमच्यावानी गुळव्या मला घावायचा न्हाय. पर माणूस काहिलीत पडला तर मला जलमभर झोप यायची न्हाय. डॉक्टर काय ते बटण लावत्यात म्हणं दंडावर. ते लावून तुम्ही धड ऱ्हाताय असं मला दिसलं तर या. न्हायतर घरी बसा."

दादा गेल्यावर मामा मला म्हणाला, "घरी बसून काय करू मर्दा? मामीचं तोंड बघू?"

मामी आतनं म्हणाली, "बघा की. काय वाईट हाय काय?"

तर बटण बसलं. रुपयाएवढं असतंय, दंडाच्या मागं चिकटवतात, आत केसासारखी तार कातडीखाली जाते आणि साखर मोजून फोनला पाठवते, परत परत. क्लिनिकमधल्या भैरवीताईंनी ते बसवलं. मामाचा फोन बटणांचा, त्यात ॲप चालत नाही. माझा जुना फोन दिला तर त्या म्हणाल्या थांब, आधी बघू दे, सगळ्या फोनवर हे चालत नाही. चाललं. मग त्यांनी एवढं काय काय सांगितलं की मी मान हलवतोय, मामा मान हलवतोय, आणि दोघांच्या डोक्यात किती गेलं देव जाणे. फोन कायम जवळ पाहिजे. ब्लूटूथ बंद करायचं नाही. आवाज बंद करायचा नाही. पहिला दिवस आकड्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. आकडा एक आणि अंगात दुसरंच वाटतंय असं झालं तर बोट टोचून मशिनवर बघायचं. फोन नको असेल तर वेगळा रिसीव्हरपण मिळतो म्हणाल्या.

मामा म्हणाला, "नको ताई. मला हे एक डबडं सांभाळंना झालंय."

माझ्या फोनवरपण मामाचा आकडा दिसंल असं त्यांनी करून दिलं. म्हणजे मामा गुऱ्हाळावर आणि मी लेक्चरला, आणि मामाची साखर माझ्या खिशात. मला लई भारी वाटलं तेव्हा.

गुऱ्हाळावर पिराजीनं बटण बघितलं. "तात्या, टॅग मारला व्हय तुमास्नी? म्हशीच्या कानात मारत्यात तसला?"

"तुझ्या कानात मारू काय?"

"मला कोण चोरून नेतंय."

पहिले दोन-तीन दिवस घरी सगळं बरोबर. आकडा येतोय, बाण वर, बाण खाली. पण मामा गुऱ्हाळावर गेला की आकडा गायब. फोनवर नुसतं सिग्नल नाही, सिग्नल नाही. संध्याकाळी घरी आला की परत चालू. मला कळंना. मी एकदा लेक्चरमधनं उठून सरळ पळालो, सर मागनं काहीतरी म्हणाले ते ऐकलंच नाही, केएमटीच्या बसमध्ये उभा राहून देवाचं नाव घेतोय, डोळ्यासमोर नुसती काहील. जाऊन बघतो तर मामा बिनसाखरेचा चहा पीत बसलेला.

"काय रं? कॉलेज सुटलं?"

मला रडू आलं, खरंच. मामा म्हणाला, "आरं बस की, चहा घे," आणि पिराजीकडं बघून, "ह्येला काय झालंय?"

मग प्रत्येकाचं एकेक. पिराजी म्हणाला धुरानं बिघडलंय. दादा म्हणाले घाण्याच्या मोटरीचा करंट लागत असंल. मामी म्हणाली दृष्ट लागली, चांगल्या माणसाच्या अंगावर यंत्र दिसलं की लागतीच. मला वाटलं बटणच खराब निघालं. मामा सगळ्यांना व्हय म्हणत होता.

गेलो परत क्लिनिकमध्ये. भैरवीताईंनी मागचं सगळं उघडून बघितलं आणि म्हणाल्या, हे बघा, सकाळी मामा गेले की बंद, संध्याकाळी आले की चालू. काम करताना फोन कुठं असतो?

मामा एकदम खुशीत. "डब्यात. स्टीलचा, रबर असलेला, घट्ट झाकणाचा. वाफ न्हाय का पाक न्हाय. एक थेंब उडला न्हाय त्याच्यावर."

भैरवीताई म्हणाल्या, "तात्या, स्टीलच्या डब्यातनं त्याला तुमचं बटण दिसत नाही. आणि समजा दिसलं, तरी आतनं वाजलेलं तुम्हाला ऐकू येईल का?"

"व्हय, म्हणूनच लई शांत वाटत व्हतं."

मामीनं त्याच दिवशी जुन्या पातळाची पिशवी शिवली. फोन आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग ह्या पिशवीत, मग गळ्यात. पिराजी म्हणाला लगीन ठरलंय काय तात्यांचं, हार घालून आलाय. पण आकडा यायला लागला. मामाला वाटलं झालं आता. मलापण.

मग तो दिवस.

मी कॉलेजवरनं सरळ गुऱ्हाळावर गेलतो. दुपार उतरत होती. काहिलीत आदण फुगून आलेलं, पिवळ्याचं तांबडं व्हायला लागलेलं, मामा फावडं घेऊन उभा, परत परत घमेल्यात हात घालून गोळी बघतोय, अजून कच्ची, अजून कच्ची. बाजूला मामाचा जेवणाचा डबा तसाच होता. जेवायच्या आधी सुई मारायची असते ती मारली, तेवढ्यात पिराजीनं आदण आलं म्हणून हाक मारली, आणि मामा भाकरी मोडून तशीच टाकून उठला. हे मला नंतर कळलं.

गळ्यातली पिशवी वाजायला लागली. घाण्याच्या आवाजात आधी कुणाला कळलंच नाही, माझा फोन खिशात थरथरला म्हणून मी बघितलं. चौसष्ट. बाण सरळ खाली.

मी ओरडलो, "मामा, खाली गेलीय. बाजूला या."

"थांब. आदण आलंय."

"मामा."

"आरं मला काय व्हत न्हाय. बघ की. उभा हाय न्हवं?"

आणि खरंच बघितलं तर मला काही कळंना. घाम आलेला, पण काहिलीपाशी सगळ्यांनाच घाम असतोय, पिराजीपण नखशिखांत भिजलेला. हात जरा थरथरत होता, पण फावडं जड असतंय. ताईंनी सांगितलंवतं की शुगर उतरली की घाम, थरथर, डोकं चालत नाही. आता गुऱ्हाळावर उभ्या माणसाला ह्यातलं काय नसतंय सांगा.

पिराजी म्हणाला, "उन्हानं अन् जाळानं त्ये बटण तापून खुळं झालंय. तात्या बरं हायती."

मग मला आठवलं की आकडा आणि अंग जुळलं नाही तर बोट टोचायचं. मशीन डब्याच्या पिशवीत होतंच. मामा काहिलीपासनं हलायलाच तयार नाही, म्हणून मी तिथंच उभ्या-उभ्या त्याचं बोट टोचलं. थेंब पट्टीला लावला. आकडा आला तीनशे अठ्ठेचाळीस.

मी आधी फोन बघितला, मग मशीन, परत फोन. फोन म्हणतोय एकसष्ट. मशीन म्हणतंय तीनशे अठ्ठेचाळीस. एकाच माणसाचं, एकाच वेळी. माझं डोकंच बंद झालं.

"बघितलासा?" पिराजी म्हणाला. "रगात खोटं बोलंल व्हय? बटण खुळं झालंय म्हणालो न्हवं?"

तेवढ्यात मामीचा फोन आला, ती रोज ह्या वेळेला करते. मी आकडा सांगितला आणि ती तिकडनं, "तीनशे? आगं आई गं. सुई मार की लगेच, काय बघत बसलायस? डब्याच्या पिशवीत पेन हाय."

आणि मी इन्शुलिनचं पेन काढलं. ताईंनी सांगितलंवतं की नाही जुळलं तर बोटाचं धरायचं. मी तेच करत होतो. टोपण काढलं. मामानं शर्ट वर केला, डोळे काहिलीवरच. मग मला काय वाटलं माहीत नाही, मामानं ज्या हातानं शर्ट धरला होता ना, तो हात त्याला नीट वर धरताच येत नव्हता. शर्ट परत परत सुटत होता. मी पेन तसंच हातात धरून भैरवीताईंना फोन लावला.

मी सगळं एका दमात सांगितलं. त्या मधेच म्हणाल्या, "पेन खाली ठेव. आधी खाली ठेव. ठेवलंस? मामा चुलीपासनं लांब आहेत का?"

"न्हाय, काहिलीपाशीच हायेत."

"आधी लांब ने. मग बोल."

मामा ऐकेना. "आदण जाईल. दोन मिनिटं." दादा कुठनं तरी आले, माझ्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं आणि म्हणाले, "आदण गेलं चुलीत. पिराजी, तात्यांस्नी धर." दोघांनी धरून मामाला बाहेर पाण्याच्या मोटरीपाशी आणला आणि बसवला. दादांनी आत ओरडून सांगितलं, जसं हाय तसं उतरा. गोळी न बघता.

मी फोन कानाला लावूनच होतो. ताई म्हणाल्या, "बोट टोचायच्या आधी हात धुतले होते का?"

मी मामाला विचारलं. मामाला रागच आला. "हात? माझा हात सकाळपासनं पाण्यातच हाय की. धुवायचं काय ऱ्हायलंय?"

"कुठल्या पाण्यात?" ताईंनी विचारलं.

"घमेल्यातल्या. गोळी बघायच्या."

दादांनी वळून आत घमेल्याकडं बघितलं. त्या घमेल्यात दुपारपासनं किती गोळ्या विरघळल्या असतील. ते पाणी राहिलंच नव्हतं, सरबत झालं होतं. आणि त्याच बोटाचा थेंब मी पट्टीला लावलेला. मशीननं मामाचं रक्त कमी आणि आमच्या गुऱ्हाळाचा गूळच जास्त मोजलावता.

मोटरीचं पाणी चालूच होतं. पिराजीनं साबणाची वडी आणली, मी मामाचे दोन्ही हात घासून घासून धुतले, नखात गूळ अडकलेला, तो काढला, कोरडे पुसले. मामा लहान पोरासारखा हात पुढं करून बसलेला, काही बोलत नव्हता आता, आणि त्याचंच मला जास्त भ्या वाटायला लागलं. परत टोचलं. चौपन्न.

बटणच खरं बोलत होतं. मी ते पेन लांब डब्याच्या पिशवीवर पडलेलं बघितलं आणि त्याच्याकडं पाठ केली.

"साखर द्या," ताई म्हणाल्या. "जलद चढणारं काहीतरी. काय आहे तिथं?"

काय आहे तिथं. दादा पहिल्यांदा हसले, रडल्यासारखं. पिराजी वाटीतनं काकवी घेऊन आला, सकाळच्या आदणातली, पातळ गूळच असतोय तो, थंड झालेला. ताई म्हणाल्या तीन चमचे, गिळता येतंय ना बघा आणि द्या. मामा वाटीकडं बघून तोंड फिरवाय लागला.

"शालीनं शप्पथ घातलीया."

"मामीला मी सांगतो मामा. औषध आहे हे."

खाल्ली. पहिला चमचा तोंडात घोळवला, किती वर्षांनी. सगळे मामाच्या तोंडाकडं बघतोय. मामा हळू म्हणाला, "चुना जास्ती पडलाय." रस साफ करायला चुना घालतात, तो.

"सकाळचं तुमचंच आदण हाय की तात्या," पिराजी म्हणाला.

मामानं दुसरा चमचा घेतला.

मग परत गोंधळ. थोड्या वेळानं मामा नीट बोलाय लागला, घाम सुकला, पण फोनवर आकडा अजून खालीच, साठाच्या आत. पिराजी आणखी काकवी घेऊन आला. ताई म्हणाल्या थांबा, बटण थोडं मागं असतंय रक्ताच्या, पंधरा मिनिटं जाऊ द्या, हात धुऊन परत बोट बघा. बघितलं. शहाण्णव. मग मामानं तिथंच बसून राहिलेली भाकरी खाल्ली आणि खाताना विचारलं, "आदणाचं काय झालं?"

कच्चं राहिलं होतं. वाफ्यात नुसतं चिकाट पसरलेलं, भेली पडणारच नव्हती. मामा उठून वाफ्यापाशी गेला आणि इतका वेळ स्वतःसाठी जराही न घाबरलेला माणूस तिथं डोळे पुसाय लागला. "माझ्यामुळं गेलं."

दादा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता म्हणतील, तात्या, घरी बसा. मामालापण तेच वाटलं असणार, कारण त्यानं गळ्यातली पिशवी काढून हातात घेतली होती.

दादा म्हणाले, "हे वाजलं नसतं तर आज काहिलीत कोण असतं सांगा." मग पिशवीकडं बघून, "पिशवी घाला गळ्यात. एक सांगतो, हे वाजलं की आदण कसलंबी असू दे, आधी बाजूला व्हायचं. विचारायचं नंतर. अन् पिराजी, उद्यापासनं तू तात्यांच्या शेजारी उभा ऱ्हाऊन गोळी शिक."

"आन् चुलवाण कोण बघायचं?" पिराजी म्हणाला.

"बघू की."

ताईंनी फोन ठेवायच्या आधी मामाला आणखी एक सांगितलं. ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. आणि आदण येणार असंल तर ताटच घ्यायचं नाही, आधी आदण, मग जेवण. मामा ह्यावेळी मान न हलवता ऐकत होता.

मामीला घरी गेल्यावर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी सुई मार म्हणालेवते." आणि आत जाऊन उगाच भांडी घासायला लागली, घासलेलीच. पेन तर माझ्या हातात होतं.

आता गुऱ्हाळावर मोटरीपाशी एक वेगळी बादली असते, साबण असतोय, आणि पिराजीनं तिच्यावर खडूनं तात्या लिहिलंय. त्यात दुसऱ्या कुणी हात घातला की पिराजी शिव्या देतो. मामा टोचायच्या आधी हात धुतो, वास घेतो, परत धुतो. काल म्हणाला, "ह्या हातावर मी आख्खा जलम काढला दत्ता. आन् ह्योच माझ्याबद्दल खोटं सांगाय लागला."

मी पट्टी मशीनला लावून दिली.

मग त्यानं टोचलं. मशीन म्हणालं एकशे बारा. फोन म्हणाला एकशे चार.

"आता ह्यातलं कुठलं खरं?"

"ताई म्हणाल्या थोडा फरक असतोयच."

"म्हणजे दोन्हीबी खरं?"

"व्हय."

"मग त्या दिशी एकच खरं कसं व्हतं?"

मी सांगायला लागलो, अर्ध्यात माझंच मला कळंना झालं. मामानं हात पुसले, गळ्यातली पिशवी सारखी केली आणि आत गेला. मी बाहेर बादलीपाशीच उभा होतो, ताईंना फोन करून नीट विचारावं काय ह्या विचारात. आतनं टण आवाज आला. आणि मामाचा, "उतरा."